मदत हवी आहे: स्कॅन केलेली तिरकी पानं एकगठ्ठा सरळ कशी करायची?

वहीतलीरेघ
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे. एका पीडीएफमध्ये तीनेकशे पानं आहेत आणि जवळजवळ सगळी तिरकी. काही डावीकडे कललेली, काही उजवीकडे. पीडीएफ ज्यात उघडते त्यातलं रोटेट वापरून पाहिलं, ते थेट ९० अंशांतच फिरवतं. एकेक पान हाताने करत बसायला वेळ नाही, सोमवारी द्यायचंय. आपोआप सरळ करणारं काही आहे का? फुकट असेल तर फारच बरं.

कागदीघोडा
विंडोज की लिनक्स? स्कॅनरवरचं की मोबाइलवर काढलेलं? मूळ चित्रं आहेत की फक्त पीडीएफ? छापील मजकूर की हस्तलिखित? एवढं सांगा, मग बोलू.

टर्मिनलप्रेमी
ओसीआरमायपीडीएफ घ्या, कमांड लिहून चालवायचं सॉफ्टवेअर आहे. डेस्क्यूचा, म्हणजे तिरकं पान सरळ करण्याचा पर्याय द्या, फाइलचं नाव द्या, झालं. उलटी-आडवी पानं असतील तर रोटेट-पेजेस पण जोडा. एका ओळीचं काम आहे.

पानपलटी
ताई, टेसरॅक्टचा (चित्रातली अक्षरं ओळखायला ओसीआरमायपीडीएफ हेच वापरतं) मराठी डेटा बसवायला विसरू नका, भाषा म्हणून 'एमएआर' द्यायचं. मग पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता येतात. ३०० डीपीआयच्या (दर इंचाला ३०० ठिपके) खाली जोडाक्षरं चुकतात, तेवढं बघा. मी जुन्या अंकांची सूची अशीच केली, फार उपयोग होतो.

वहीतलीरेघ
मला शब्द शोधायचे नाहीत हो, पानं फक्त सरळ हवीत. विंडोज आहे. छापील मजकूर, मधेमधे तक्ते. टर्मिनलप्रेमी, तुमचं ते कसंबसं बसवलं, पण पानावर आधीच मजकूर आहे असं सांगून ते थांबतं. आता?

टर्मिनलप्रेमी
म्हणजे आधी कुणीतरी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं) करून ठेवलंय. फोर्स-ओसीआर द्या. रीडू-ओसीआर देऊ नका, त्याच्यासोबत डेस्क्यू चालत नाही. ओसीआर नकोच असेल तर टेसरॅक्ट-टाइमआउट शून्य ठेवा. पानामागचा जुना अदृश्य मजकूर मात्र जाईल.

मूळप्रत
मूळ कागद परत स्कॅन करा. स्कॅनरमध्ये कागद ओढणाऱ्या फीडरच्या दोन्ही बाजूंच्या सरकत्या पट्ट्या कागदाला नीट टेकवल्या की पान तिरकं जातच नाही. रबराचे रोलर पुसून घ्या, एका बाजूचा रोलर घसरला की कागद तिरपा ओढला जातो. आधी नीट स्कॅन करायचं, मग ही वेळच येत नाही.

वहीतलीरेघ
कागद माझ्याकडे नाहीत. मिळाली ती फक्त पीडीएफ.

झटपट
इमेजमॅजिक, चित्रांसाठीचं कमांडवालं सॉफ्टवेअर! डेस्क्यू ४० टक्के. संपलं.

शिरोरेघ
झटपट, असं अर्धवट सांगू नका. इमेजमॅजिकला थेट पीडीएफ दिली आणि डेन्सिटी (किती डीपीआय ते) सांगितली नाही, तर ते पान ७२ डीपीआयने उघडतं. अक्षरांचा लगदा होतो. डेन्सिटी ३०० द्यायची, आणि तीही फाइलच्या नावाआधी. त्याहून चांगलं म्हणजे पॉपलर या पीडीएफच्या साधनांच्या संचातल्या पीडीएफइमेजेसने आतली चित्रं जशीच्या तशी बाहेर काढायची आणि त्यांच्यावर काम करायचं.

झटपट
माझं तर नेहमी नीट होतं.

शिरोरेघ
तुम्ही चित्रं देत असाल, पीडीएफ नाही.

कागदीघोडा
भांडू नका. ताई, विंडोजवर सगळ्यात सोपं म्हणजे नॅप्स२ हे स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर. फुकट आहे. पीडीएफ त्यात इम्पोर्ट करा, सगळी पानं निवडा, रोटेटच्या मेनूत डेस्क्यू आहे, ते दाबा. कमांड लिहायची गरज नाही.

वहीतलीरेघ
हे जमलं! बरीचशी पानं सरळ झाली. पण काही तक्त्यांची पानं पूर्वी ठीक होती ती आता तिरकी झालीत. आणि काही पानं सरळ होऊनही विचित्रच दिसतात, वरची ओळ सरळ, खालची तिरपी. असं का?

शिरोरेघ
आता खरा प्रश्न आला. असली सॉफ्टवेअर साधारणपणे पान थोडंथोडं फिरवून बघतात आणि कोणत्या कोनात ओळी सगळ्यात ठळक उठतात ते शोधतात. देवनागरीत शिरोरेखेमुळे हे छान जमतं, प्रत्येक ओळीवर एक लांब काळी आडवी रेघ आयतीच मिळते. पण पानावर चारच शब्द, एक तिरपा शिक्का आणि मोठा तक्ता असेल तर ते फसतं. तक्ताच मूळ कागदावर किंचित तिरका छापलेला असेल तर तक्ता सरळ होतो आणि मजकूर कलतो. अशी पानं वेगळी काढून हाताने करा. गिंप या चित्रं सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये मेझर टूल आहे, एका शिरोरेखेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचं आणि स्ट्रेटन दाबायचं. रेघ लांब घ्या. एक अंश म्हणजे २० सेंटिमीटरच्या ओळीत साडेतीन मिलिमीटरचा उतार, आखूड रेघेवर तो दिसतच नाही.
वरची ओळ सरळ आणि खालची तिरपी हे मात्र तिरकेपण नव्हे. ती पानं स्कॅनरवरची आहेत का?

वहीतलीरेघ
आत्ता विचारून आले. काही पानं मोबाइलवर काढलेली आहेत, आणि काही जाड बांधलेल्या वहीतली.

कागदीघोडा
हेच मी पहिल्या प्रतिसादात विचारलं होतं.

शिरोरेघ
मग ती पानं कितीही फिरवा, सरळ होणार नाहीत. मोबाइल तिरपा धरला की कागदाचा चौकोन चित्रात पसरट होतो, एक बाजू मोठी, एक लहान. तिथे चार कोपरे ओढून ताणावं लागतं, गिंपमध्ये पर्स्पेक्टिव्ह टूलने. वहीची पानं शिवणीपाशी वाकलेली असतात, ओळी तिथे कमानीसारख्या वळतात. त्यासाठी स्कॅनटेलर ॲडव्हान्स्ड हे सॉफ्टवेअर: शेवटच्या आउटपुट टप्प्यात डीवॉर्पिंग, म्हणजे वाकलेलं पान सपाट करणं आहे. वरच्या आणि खालच्या ओळीवर वक्ररेषा नीट बसवायच्या. ऑटो ठेवलं तरी प्रत्येक पान डोळ्याखालून घाला.

टर्मिनलप्रेमी
स्कॅनटेलर पीडीएफ घेत नाही, देतही नाही. तीनशे पानांसाठी किती कटकट!

शिरोरेघ
तीनशे कशाला? फक्त वाकलेली पानं चित्र म्हणून काढून त्यात घालायची. टिफ चित्रं मिळतात, ती इमजी२पीडीएफने पीडीएफमध्ये जोडायची, ते चित्र पुन्हा कॉम्प्रेस करून दर्जा घालवत नाही. आणि ताई, नॅप्स२ने फिरवलेली पानं परत फिरवू नका. बारीक कोनात फिरवताना प्रत्येक ठिपका नव्याने मोजावा लागतो, दर वेळी अक्षरांच्या कडा पुसट होतात. वर जेपेगमध्ये सेव्ह केलं की आणखी. चुकलेली पानं मूळ पीडीएफमधूनच घ्या. पान निव्वळ काळं-पांढरं असेल तर आधी ग्रेस्केल (करड्या छटांचं) करून फिरवा, नाहीतर शिरोरेखेला जिन्यासारख्या पायऱ्या पडतात.

पानपलटी
आणि सगळं सरळ झाल्यावर ओसीआर नक्की करा, तेव्हा निकाल चांगला येतो.

वहीतलीरेघ
तक्ते गिंपमध्ये झाले, शिरोरेखेवर लांब रेघ ओढून. मोबाइलची पानंही चार कोपरे ओढून बरी झाली. वहीची पानं स्कॅनटेलरमध्ये घातलीत, पण शिवणीकडची शेवटची दोन-तीन अक्षरं अजून दबलेलीच आहेत, वक्ररेषा बरोबर बसूनही.

शिरोरेघ
तिथे कागद कॅमेऱ्यापासून आत वळलेला असतो, त्यामुळे ती अक्षरं चित्रातच अरुंद आली आहेत. स्कॅनटेलरमधली डेप्थ पर्सेप्शनची पट्टी हळूहळू सरकवून पाहा, थोडी रुंदावतील. वाचता आली की पुढे चला. जी सावलीतच गेलीत ती कुठलंही सॉफ्टवेअर परत आणणार नाही. तेवढ्या पानांचे नंबर लिहून फाइलसोबत द्या आणि वही ज्यांच्याकडे आहे त्यांना फक्त तीच पानं नव्याने मागा.