मदत हवी आहे: एलिझाबेथ स्लेडनवरचा श्रद्धांजली व्हिडिओ, ५० की २५ फ्रेम?

'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतली सारा जेन स्मिथ, म्हणजेच एलिझाबेथ स्लेडन (मृत्यू १९ एप्रिल २०११), यांच्यावर चार मिनिटांचा व्हिडिओ जोडतोय. १९७३ ते ७६ च्या भागांत स्टुडिओतली दृश्यं व्हिडिओवर, सेकंदाला ५० फील्ड (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र). बाहेरची बहुतेक १६ मिमी फिल्मवर, २५ फ्रेम. ('रोबॉट'सारखे काही अपवाद, तिथे बाहेरही व्हिडिओच.) सगळ्याला सरसकट डीइंटरलेस केलं (फील्डपासून पूर्ण फ्रेम बनवल्या) की फिल्मचे शॉट उगाच मऊ पडतात. नाही केलं तर स्टुडिओत सारा जेनने झटकन मान वळवली की गालाच्या कडेला कंगव्याचे दात! म्हणून शॉट वेगळे काढून फक्त स्टुडिओवाल्यांना क्यूटीजीएमसी (डीइंटरलेस करणारी स्क्रिप्ट) लावलं, टॉप फील्ड फर्स्ट (वरचं फील्ड आधी) ठेवून. आता ते ५० फ्रेमचे झालेत, तर २००६ च्या पुनरागमनाचे शॉट २५ चे.

अडचण इथेच आहे. २५ च्या टाइमलाइनवर एकाआड एक फ्रेम गाळली की हालचाल अडखळते. दोन-दोन मिसळल्या तर दुहेरी कडा दिसतात. टाइमलाइनच ५० ची करून फिल्मची प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवावी का? मग फिल्मवरून स्टुडिओत क्रॉसफेड (एक शॉट विरत दुसरा उमटणं) करताना काय होतं? कोणी करून पाहिलंय?

४:३ चित्र १४४०×१०८० मध्येच राहील, बाजूला काळ्या पट्ट्या. ताणून चेहरा फुगवायचा सल्ला कृपया नको.