बंब उशिरा आला म्हणजे नेमका किती उशिरा? अग्निशमन दलाचा हिशेब मागावा की नको?

जांबोटी रोड
गेल्या फेब्रुवारीत इकडं बेळगावजवळ आमच्या पिंजराच्या गंजीला आग लागली. वरच्या तारा वाऱ्यानं एकमेकीला घासल्या, ठिणग्या पडल्या. गोठ्याचं छप्परही गेलं. दावी कापली म्हणून जनावरं वाचली. बंब आला पाऊण तासानं, तोवर विझवायला राखच होती. कुणाला शिव्या घालायला हा धागा काढलेला नाही. मागणी एवढीच, की प्रत्येक ठाण्यानं दर तीन महिन्यांनी फळ्यावर लिहून लावावं: फोन किती वाजता आला, गाडी ठाण्याबाहेर कधी पडली, जागेवर कधी पोचली, पाणी कधी सुरू झालं. अग्निशमन सल्लागार परिषदेनं ग्रामीण भागासाठी २० मिनिटांचा दंडक घालून दिलाय. आपण त्याच्या आसपास तरी आहोत का? साखर कारखान्याचा उतारा पेपरात येतो, दहावीचा निकाल येतो. बंबाचाच हिशेब तेवढा कुणाला दिसत नाही.

निवृत्त बंबवाला
जांबोटी रोड, तुमचं नुकसान झालं त्याचं वाईट वाटतं. पण तीस वर्षं नोकरी केलेला माणूस म्हणून सांगतो, हा फळा लावला की पहिल्याच महिन्यात लबाडी सुरू होईल. गाडी ठाण्याच्या गेटाबाहेर काढायची, "निघाली" म्हणून नोंद करायची आणि मग टाकीत पाणी भरत बसायचं. माणूस कामासाठी धावायच्या ऐवजी घड्याळासाठी धावतो.

दुसरी गोष्ट, उसाचे कॉल. चिकोडी-अथणीकडं फड पेटतो, माणसं आपली आपणच पाला मारून विझवतात आणि सगळं थंड झाल्यावर फोन येतो. का? दाखला पाहिजे. विम्याला, भरपाईला. असले कॉल तुमच्या फळ्यावर कसे लिहायचे? साडेचार हजार लिटरची गाडी, दोन नळ्या लावल्या की दहा-पंधरा मिनिटांत रिकामी. मग बोअर कुणाची, करंट आहे का, हे शोधत फिरायचं. हे कुठल्या रकान्यात बसवणार?

शहापूरची वहिनी
काका, लबाडी होईल म्हणून वजनकाटाच नको, असं म्हणूलालाय काय तुम्ही? काटा मारणारे दुकानदार आहेत म्हणून आम्ही अंदाजानं तांदूळ घेत नाही.

पण मिनिटांवरच सगळं ठरवू नये हे मात्र पटलं. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूला गाड्या लावलेल्या असतात, गणपतीत तर मंडपच. ठाणं जवळ असून उपयोग काय? तिथला उशीर बंबाच्या नावावर घालू नका, आमच्याच नावावर घाला. (आमच्या घरातल्या दोन स्कूटर पण त्यात आल्या, माहीत आहे.)

उद्यमबागवाला
तुम्ही सगळे आग लागल्यानंतरचं मोजूलालाय. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नावग्याच्या कारखान्याला आग लागली, लिफ्टमध्ये अडकलेला कोवळा पोरगा गेला. तिथं बंब पाच मिनिटांत आला की पंचवीस, यानं त्याला काय फरक पडला असता? मोजायचंच तर हे मोजा: वर्षात किती कारखाने, दवाखाने, मंगल कार्यालयं तपासली, किती ठिकाणी दोष निघाले आणि त्यातल्या किती ठिकाणी परत जाऊन बघितलं. शेवटचाच आकडा महत्त्वाचा. पहिले दोन कागदावर कितीही फुगवता येतात.

इंग्लंडमध्ये पोलिसांची तपासणी करणारं निरीक्षणालयच २०१८ पासून अग्निशमन दलंही तपासतं. काम परिणामकारक आहे का, पैसा नीट वापरला जातो का आणि जवानांची काळजी घेतली जाते का, या तिन्हीवर शेरा देतं आणि तो जाहीर करतं. तिसरा मुद्दा आपल्याकडं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

निवृत्त बंबवाला
इंग्लंड राहू द्या हो. एक ड्रायव्हर रजेवर गेला की इथं दुसरी गाडी जाग्यावर उभी.

आणि खरं सांगू? आमच्या अहवालात "वाचवलेली मालमत्ता" असा रकाना असतो. गोठा जळाला आणि शेजारचं घर राहिलं की घराची किंमत अंदाजानं लिहायची. लाखाची लिहा नाहीतर पाच लाखाची. वर्षाअखेरीला त्याची बेरीज होते आणि बातमी छापून येते, इतक्या कोटींची मालमत्ता वाचवली म्हणून. माझा आकड्यांवरचा विश्वास तिथंच उडाला.

उद्यमबागवाला
मग तो रकाना काढा की! अंदाजाचा आकडा खोटा निघाला म्हणून घड्याळाचा पण खोटा, हे कुठलं गणित? आणि ड्रायव्हर नाही म्हणून गाडी किती दिवस उभी होती, हेच फळ्यावर आलं पाहिजे. ते जवानांच्या बाजूचंच आहे.

कागवाड सीमा
आमच्याकडचा तिढा वेगळाच. आमच्या मळ्यांना अथणी लांब, मिरज हाकेच्या अंतरावर. पण कर्नाटकात अग्निशमन राज्य सरकारचं खातं, तर मिरजेचा बंब महापालिकेचा. उद्या मिरजेची गाडी इकडं येऊन आग विझवून गेली, तर ते काम कुणाच्या अहवालात? दोन्हीकडं चढलं तर दोनदा, नाहीतर कुठंच नाही. आगीला सीमाभाग कळत नाही, रकान्याला कळतो. अहवाल कन्नडात लावा, मराठीत लावा, आधी लावा तर खरं. भाषेचं भांडण इथं नको.

शहापूरची वहिनी
अहवालाचं सोडा, फोनवरची भाषा तरी मोजा. घाबरलेली बाई "वड्याच्या पलीकडं, थोरल्या मळ्यात" म्हणून ओरडते आणि पलीकडच्याला ते समजेपर्यंत किती वेळ जातो?

तो फळा लावायला दिवस पण आयता आहे. १९४४ च्या मुंबई गोदीच्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांच्या आठवणीत १४ एप्रिलपासून आठवडा पाळतात, पोरांना शिडी दाखवतात. त्याच आठवड्यात वर्षाचा हिशेब लावा.

निवृत्त बंबवाला
जांबोटी रोड, एक विचारू? तो पाऊण तास कुठून धरलाय तुम्ही? धूर दिसल्यापासून, की १०१ लावल्यापासून?

जांबोटी रोड
काका, तुम्ही विचारलं म्हणून जुना मोबाईल काढून बघितला. त्या दिवशीचा पहिला फोन माझ्या भावजींना. दुसरा लाईनमनला, तार बंद कर म्हणून. मधे आम्ही घागरी ओतत होतो. १०१ ला फोन लागलाय तो १७ मिनिटांनी. म्हणजे बंब आला २८ मिनिटांत, तोही आमच्या रस्त्यानं. पाऊण तास म्हणून वर्षभर गावभर सांगत फिरलो ते चूक होतं.

मागणी मात्र तीच आहे. त्या ठाण्यानं वेळ लिहून लावली असती तर मला खोटं ठरवायला त्यांना माझा मोबाईल लागला नसता.

निवृत्त बंबवाला
२८ म्हणजे पण आठ जास्तच. त्या दिवशी वाटेत रेल्वेचं फाटक पडलं होतं काय, विचारून बघतो.