छत्री लाल नव्हतीच! जुने चित्रपट आणि मालिका पुन्हा पाहताना आलेले अनुभव

परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून टीव्ही लावला, तर मी शाळकरी वयात पाहिलेला एक चित्रपट नुकताच सुरू झाला होता. त्यातील पावसाच्या प्रसंगात नायिकेच्या हातात लाल छत्री आहे, असे मी गेली चाळीस वर्षे सर्वांना सांगत आले आहे. तशीच छत्री हवी म्हणून लहानपणी हट्टही धरला होता. परवा तो प्रसंग आला आणि चित्रपट पहिल्यापासून शेवटपर्यंत कृष्णधवल असल्याचे लक्षात आले. छत्री करड्या रंगाची आहे आणि जेमतेम दहा सेकंद दिसते. तिला इतकी वर्षे रंग कोणी दिला, याचा विचार करत मी शेवटपर्यंत जागी राहिले. तुमच्या आठवणीत एक आणि पडद्यावर भलतेच, असे काही सापडले असल्यास अवश्य लिहावे.

चौथी भिंत
माझ्या आवडत्या विनोदी मालिकेतील घर मला वाड्याएवढे आठवत होते. पुन्हा पाहिले तेव्हा कळले की त्या घराला तीनच भिंती आहेत आणि जिन्याने वर गेलेला माणूस वरच्या मजल्यावर एकदाही दिसत नाही. दार जोरात आपटले की मागची भिंत चक्क हलते. आता मी कथानक सोडून भिंत केव्हा हलेल याचीच वाट पाहतो. 1951 साली सुरू झालेल्या 'आय लव्ह लूसी' या अमेरिकी विनोदी मालिकेचे चित्रीकरण प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेऱ्यांनी आणि 35 मिमी फिल्मवर झाले, म्हणूनच तिच्या चांगल्या प्रती टिकल्या आणि पुनःप्रक्षेपण करता आले. त्या काळातील कितीतरी कार्यक्रम थेट प्रक्षेपित होऊन हवेत विरून गेले.

काळी पाच
टीव्हीवर जुना चित्रपट लागला की त्यातील गाण्यासोबत पेटी वाजवण्याची मला सवय होती, पण ध्वनिमुद्रिकेशी तंतोतंत जुळणारी पेटी टीव्हीपुढे बेसूर लागत असे. मी वर्षानुवर्षे दोष पेटीला दिला. पुढे कळले की चित्रपट सेकंदाला 24 चित्रांच्या गतीने बनतो, तर आपल्याकडील टीव्हीची जुनी पद्धत सेकंदाला 25 चित्रांची आहे. म्हणून तो तिथे थोडा जलद धावतो. दीडशे मिनिटांचा चित्रपट 144 मिनिटांत संपतो आणि सूर अर्ध्या स्वराहून किंचित कमी इतका वर चढतो. थोडक्यात, माझी आठवण बरोबर होती आणि टीव्ही घाईत होता.

चौथी भिंत
म्हणजे आता पेटीची रीतसर क्षमा मागणे आले.

काळी पाच
मागितली. भाता बदलून दिला.

अर्धवट रीळ
एका रुंद पडद्याच्या चित्रपटात दोन भाऊ मेजाच्या दोन टोकांना बसून भांडतात, असे मी चित्रपटगृहात पाहिले होते. टीव्हीवर मात्र मेज आणि एका भावाचे नाक एवढेच दिसले. रुंदी-उंचीचे 2.35 ला 1 हे प्रमाण जुन्या 4:3 पडद्यावर पूर्ण उंचीने बसवले की चित्राचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग कापला जातो. आता रुंद टीव्ही आले, तर जुन्या मालिका वरून-खालून कापून रुंद केल्या जातात आणि उंच नटांची डोकी जातात. हे मला अक्षम्य वाटते. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या म्हणून कोणाचे काय बिघडते?

शाईची दौत
आमच्या आईला सकाळी काय झाले ते संध्याकाळी सांगता येत नाही. पण जुना चित्रपट लागला की ती पुढचे संवाद आधी म्हणते. एका चित्रपटात नायक पत्र न वाचताच फाडतो. आई दर वेळी "आता वाचेल बघ" असे म्हणते, आणि त्याने फाडले की माझ्याकडे वळून सांगते, "पूर्वी वाचले होते हो त्याने." पहिल्यांदा मी तिची चूक दुरुस्त करायला गेले, तेव्हा ती इतकी गोंधळली की पुन्हा तसे केले नाही. आता मीही "वाचले होते" असेच म्हणते.

काळी पाच
ताई, हे वाचून बराच वेळ काही लिहवेना. आईंना नमस्कार सांगावा.

शीशमहल
वडील सांगत की 'मुघल-ए-आझम' प्रदर्शित झाला तेव्हा त्यांनी त्यातील शीशमहल रंगीत पाहिला. मी ठामपणे सांगे की रंगीत आवृत्ती 2004 ची आहे. प्रत्यक्षात 1960 च्या मूळ चित्रपटातच शीशमहलातील गाणे रंगीत होते आणि उरलेल्या कृष्णधवल भागाला 2004 मध्ये रंग चढवला गेला. हे मला कळले तेव्हा माझे म्हणणे ऐकून घ्यायला वडील उरले नव्हते.

अर्धवट रीळ
एका चित्रपटातील रेल्वे फलाटावरचा निरोप मला लख्ख आठवतो, पण कोणत्याही प्रक्षेपणात तो दिसत नाही आणि घरचे मला वेड्यात काढतात. 1927 चा 'मेट्रोपोलिस' हा जर्मन मूकपट प्रदर्शनानंतर पुष्कळ कापला गेला, आणि त्याची जवळजवळ पूर्ण प्रत 2008 मध्ये ब्युनोस आयरिसच्या संग्रहालयात मिळाली. त्यामुळे मी अजून हार मानलेली नाही.

शीशमहल
धागाकर्त्या ताईंसाठी एक शंका: कृष्णधवल चित्रपटांचीही पोस्टर रंगीत छापत असत. छत्री तिथे लाल असेल काय?

धागाकर्ती
आपला प्रतिसाद वाचून ते पोस्टर शोधून काढले. नायिका आहे, पाऊस आहे, खलनायकाच्या गळ्यात लाल रुमालसुद्धा आहे. छत्री मात्र नाही. रविवारी दुपारी चित्रपट पुन्हा लागणार आहे, तेव्हा तो रुमाल पाहायचा आहे.