मदत हवी आहे: नाशिकमध्ये जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात लकी ड्रॉ काढून निधी जमवता येईल का?

नमस्कार मंडळी,

वकिली, धर्मादाय कार्यालयातली कामं किंवा असे कार्यक्रम भरवण्याचा अनुभव असलेल्यांचा सल्ला हवा आहे. थोडं लांब लिहितो, कारण मुद्दा पैशांचा आहे.

आम्ही नाशिकमधली जुन्या गाड्या सांभाळणारी काही मंडळी थंडीत गंगापूर रोडच्या बाजूला एक दिवसाचं प्रदर्शन भरवतो आहोत. पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर, स्टँडर्ड हेराल्ड, विलीज जीप. दुचाक्यांमध्ये जावा, राजदूत, लॅम्ब्रेटा. लहान मुलांनी गाड्या जवळून बघाव्यात म्हणून प्रवेश मोफतच राहणार.

निधी हवा आहे तो आमच्या मिस्त्रींसाठी. या गाड्या आज रस्त्यावर दिसतात त्या या लोकांमुळे. कार्बोरेटर नुसता आवाज ऐकून लावणारे, बाजारात न मिळणारा बुश लेथवर करून देणारे, जुना पत्रा न कापता ठोकून सरळ करणारे डेंटर. बहुतेक जण आता सत्तरीकडे झुकलेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यात नोकरी केली असती तर निदान पीएफ आणि ईएसआयसी तरी मिळालं असतं. गॅरेजमध्ये आयुष्य गेलेल्याला यातलं काहीच नाही. आयुष्यभर वेल्डिंग करून डोळे गेलेत, कोणाचे गुडघे. मोतीबिंदूचं ऑपरेशन, चष्मे, औषधं एवढ्यासाठी कायमचा एक छोटा निधी असावा अशी मनापासून इच्छा आहे.

लकी ड्रॉची कल्पना एका सभासदाच्या भाच्याकडून आली. तो इंग्लंडमध्ये असतो. तिकडे क्लासिक कारच्या मेळाव्यात रॅफल, म्हणजे तिकिटं विकून काढलेली सोडत, असतंच म्हणे. कुठे फिफ्टी-फिफ्टी, म्हणजे जमलेली निम्मी रक्कम विजेत्याला आणि निम्मी संस्थेला. अमेरिकेत तर अख्खी गाडीच बक्षीस ठेवतात. मी थोडं वाचलं. ब्रिटनच्या २००५ च्या जुगार कायद्यात अशा कार्यक्रमाला जोडून काढलेल्या सोडतीला परवाना लागत नाही, पण तिकिटं कार्यक्रमाच्या जागीच विकायची आणि जमलेल्या पैशातून बक्षिसांसाठी ५०० पौंड व खर्चासाठी १०० पौंड यापेक्षा जास्त काढायचे नाहीत. नियम स्वच्छ आहे, बघणाऱ्यालाही कळतो.

आपल्याकडे मात्र चित्र वेगळं दिसतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ प्रमाणे (आधीचं भारतीय दंड संहितेचं २९४-अ) राज्य सरकारची किंवा सरकारने अधिकृत केलेली लॉटरी सोडून दुसऱ्या सोडतीसाठी जागा चालवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. नुसती जाहिरात केली तरी ५,००० रुपयांपर्यंत दंड. शिवाय आपल्या राज्यात लॉटरीवर नियंत्रण आणि कर यांसाठीचा १९५८ चा वेगळा कायदा आहे. माझा पहिला प्रश्न इथेच आहे: त्या कायद्याखाली एका दिवसाच्या, धर्मादाय कामाच्या छोट्या सोडतीला रीतसर परवानगी मिळते का? मिळत असेल तर अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा की थेट मंत्रालयात?

दुसरा प्रश्न बक्षिसाचा. एकाने स्वतः दुरुस्त करून रंगवलेली बजाज चेतक द्यायची तयारी दाखवली आहे. माणूस मोठ्या मनाचा आहे, पण हिशेब बघा. लॉटरीच्या १०,००० रुपयांवरच्या बक्षिसावर ३० टक्के टीडीएस (बक्षीस देतानाच कापायचा आयकर) आहे आणि बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर तो कर भरला गेल्याची खात्री झाल्याशिवाय वस्तू हातात देता येत नाही. स्कूटरची किंमत ६०,००० धरली तर विजेत्याने आधी १८,००० आणायचे. त्यात आरटीओतलं नाव बदलणं, नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर. पन्नास रुपयांचं कुपन घेतलेल्या माणसाला हे बक्षीस वाटेल की ओझं? माझं मत छोटी बक्षिसं जास्त ठेवावीत या बाजूचं आहे: टूलकिट, हेल्मेट, बॅटरी.

लकी ड्रॉ बसतच नसेल तर पर्याय काय? गाडीत बसवून फेरी मारून पैसे घ्यायचं एकाने सुचवलं. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने चालवल्यासारखं ते होईल आणि काही झालं तर विमा हात वर करेल, म्हणून मी नको म्हटलं. ज्यांच्या गाड्या पन्नास वर्षांपुढच्या आहेत आणि व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदल्या आहेत, त्यांना तर व्यावसायिक वापर चालतच नाही. लिलाव मला त्यापेक्षा बरा वाटतो. गावच्या जत्रेत आणि गणपतीत नारळाचा लिलाव आपण सगळ्यांनी पाहिलाय, लोकांना तो कळतो, त्यात नशिबाचा भाग नाही. जुने हेडलाइट, स्टिअरिंग, हब कॅप यांना शौकीन चांगली किंमत देतात.

आणखी एक पर्याय म्हणजे प्रवेशावेळी प्रत्येकाला मोफत क्रमांक द्यायचा आणि देणगीची पेटी पूर्ण वेगळी ठेवायची. देणगी न देणाऱ्याचा क्रमांकही सोडतीत धरायचा. पैसे घेतलेच नाहीत तर ती लॉटरी ठरते का? की कायद्याच्या नजरेत ही पळवाटच?

भर (प्रतिसाद वाचून):

नोंदणीबद्दल विचारलंत. आमची स्वतःची संस्था नोंदणीकृत नाही. एक जुना नोंदणीकृत न्यास आपल्या खात्यात पैसे घ्यायला तयार आहे. तसं जमलं नाही तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१-क ची, म्हणजे वर्गणी गोळा करायची, तात्पुरती परवानगी काढू. त्या न्यासाकडे ८०-जी (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी मान्यता) आहे, पण कुपनाच्या पैशाला ८०-जीची पावती देणं मला चुकीचं वाटतं. बक्षिसाच्या आशेने दिलेले पैसे म्हणजे देणगी नव्हे. इथल्या सीएंनी हे बरोबर की चूक ते सांगावं.

‘सगळीकडे लकी ड्रॉ होतात, कोण विचारतं’ असं दोघांनी लिहिलंय. विचारलं तर पोलीस ज्यांच्या नावाने निधी आहे त्या म्हाताऱ्या माणसांचीही चौकशी करतील. ते मला चालणार नाही. परवानगी नाही मिळाली तर लकी ड्रॉ नाही, लिलाव करू.

कोणी नाशिकच्या धर्मादाय कार्यालयात ४१-क चा अर्ज अलीकडे केला असेल तर सोबत कोणती कागदं जोडली आणि कार्यक्रमानंतर हिशेब किती दिवसांत मागितला, एवढं कृपया इथेच लिहा. फोन नंबर नको, व्यक्तिगत निरोपात बोलू.