एस३५५जे२डब्ल्यूऐवजी ए५८८ चालेल का? डीलर म्हणतो सगळं एकच कॉर्टेन

भोसरी_फॅब्रिकेटर:
नमस्कार मंडळी. भोसरीत माझं छोटं युनिट आहे. एका जर्मन पार्टीच्या पादचारी पुलाचे ब्रॅकेट करायचेत. २० एमएमची बेसप्लेट, ६ एमएमच्या बाजू, रंग नाही, कॉर्टेन (वरचा गंजाचा घट्ट थरच आतलं वाचवतो ते पोलाद) उघडंच राहणार. ड्रॉइंगवर एस३५५जे२डब्ल्यू हा युरोपियन ग्रेड लिहिलंय आणि एवढ्या थोड्या वजनात ते मिळेना. डीलरकडे २० एमएममध्ये अमेरिकेचं ए५८८ ग्रेड ए आहे, ६ एमएममध्ये रेल्वेचं आयआरएस एम-४१. म्हणतो, "सगळं कॉर्टेनच, डोळे झाकून घ्या." दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मालात असंच घेतलं आणि सगळा लॉट परत आला. तो धक्का अजून विसरलो नाही. सोमवारी ॲडव्हान्स द्यायचाय. काय करू?

लॅबवाले_काका:
आधी टीसी (मिलचं टेस्ट सर्टिफिकेट) मागवा, पैसे नंतर. ३१ वर्षं मटेरियल टेस्टिंगमध्ये काढली, म्हणून कळकळीने सांगतो. कॉर्टेन हे आडनाव आहे. भावकी दोन आहेत, आणि त्या फॉस्फरसवरून ओळखायच्या.

एका भावकीत फॉस्फरस मुद्दाम वाढवलेला असतो: अमेरिकेचं मूळ ए२४२, युरोपचं एस३५५जे२डब्ल्यूपी, जपानचं एसपीए-एच, चीनचं क्यू३५५जीएनएच आणि आपलं एम-४१. गंजाचा थर घट्ट बसायला फॉस्फरस मदत करतो, पण पोलाद ठिसूळही करतो. म्हणून हा माल बहुतेक पातळ कामात, कंटेनर आणि वॅगनच्या पत्र्यात जातो. दुसऱ्या भावकीत ए५८८, एस३५५जे२डब्ल्यू, क्यू३५५एनएच. जाड प्लेट, वेल्डिंगची कामं, पूल.

तुमच्या ड्रॉइंगवर 'डब्ल्यू' आहे, 'डब्ल्यूपी' नाही. जे२डब्ल्यूला फॉस्फरस जास्तीत जास्त ०.०३० टक्के, डब्ल्यूपीला ०.०६ ते ०.१५. म्हणजे ६ एमएमचं एम-४१ बाद. यात घासाघीस नको.

अक्षरं पण प्रत्येक देशाची वेगळी वाचा. युरोपात 'पी' म्हणजे फॉस्फरस. जपानच्या एसएमए४९० मालिकेत शेवटचा 'पी' म्हणजे रंग देऊन वापरायचं, 'डब्ल्यू' म्हणजे उघडं वापरायचं. या एका अक्षरावर चुकीची ऑर्डर गेलेली मी पाहिली आहे.

आता २० एमएमचं ए५८८. ताकदीची काळजी नको. नावातला ३५५ हा ताकदीचा आकडा (एमपीएमध्ये) १६ एमएम जाडीपर्यंतचा, त्यापुढे ४० एमएमपर्यंत युरोपलाही ३४५ एमपीए पुरतो, आणि ए५८८ तेवढंच देतं. अडचण दोन ठिकाणी आहे. ए५८८ ग्रेड एमध्ये कार्बन ०.१९ आणि सिलिकॉन ०.६५ पर्यंत चालतं, तुमच्या ड्रॉइंगच्या ग्रेडला कमाल ०.१६ आणि ०.५०. त्यामुळे त्या हीट नंबरचे (म्हणजे भट्टीच्या त्याच घाण्याचे) प्रत्यक्ष आकडे बघा. दुसरं 'जे२', म्हणजे इम्पॅक्ट टेस्टमध्ये उणे २० अंशांवर आघाताची २७ जूल ऊर्जा झेलायची. ए५८८ ला इम्पॅक्ट टेस्ट वेगळी मागितली तरच होते. त्याच प्लेटचे तीन नमुने लॅबला द्या. सरासरी २७ हवी, एखादा कमी आला तरी १९ च्या खाली नको.

आणि सगळं बसलं तरी पार्टीची लेखी मंजुरी घ्याच. ग्रेड बदलायचा अधिकार आपला नाही.

चाकण_वेल्डर:
काकांशी सहमत. वेल्डिंग रॉडचंही बघा दादा. साध्या ७०१८ रॉडने शेवटचा थर मारला तर सांधा प्लेटसारखा रंगत नाही, वेगळी पट्टी दिसते. वरच्या थरांना ८०१८-डब्ल्यू२ घ्या. झिंकचे बोल्टही नकोत, कॉर्टेनसारख्याच पोलादाचे टाइप ३ मागवा.

बाणेरची_आर्किटेक्ट:
थोडं वेगळं, पण उघडं ठेवणार आहात म्हणून लिहिते. थर घट्ट व्हायला ओलं-सुकं असं चक्र लागतं. माझ्या एका कामात कुंडीची आतली बाजू मातीला टेकून कायम ओली राहिली, तिथे गंज थांबलाच नाही. आणि पहिल्या पावसाळ्यात खालच्या कोटा फरशीवर तपकिरी ओघळ उतरले, ते शेवटपर्यंत निघाले नाहीत. बेसप्लेटला पाणी साचेल असा खळगा ड्रॉइंगमध्ये असेल तर आत्ताच पार्टीला विचारा.

भोसरी_फॅब्रिकेटर:
काका, टीसी आलं. कार्बन ०.१४, सिलिकॉन ०.४१, फॉस्फरस ०.०१८. इम्पॅक्टचा रकाना कोरा आहे, म्हणून उद्या प्लेटचा तुकडा कापून लॅबला देतोय. पार्टीला मेल केला, बेसप्लेटच्या खळग्याचंही विचारलं. एम-४१ नको म्हणून डीलरला कळवलं. ६ एमएमचं एस३५५जे२डब्ल्यू मुंबईत कुणाकडे सुटं मिळत असेल तर सांगा, १८० किलो लागेल.

लॅबवाले_काका:
तुकडा कापण्याआधी हीट नंबर त्याच्यावर पंच करून घ्या. नाहीतर रिपोर्ट कुठल्या प्लेटचा ते सिद्ध करता येणार नाही.