मदत हवी आहे: शिकाऊ जॉकीची वजनसवलत रेटिंग काढताना धरतात का?

घोड्यांच्या शर्यतींतलं ब्रिटिश पद्धतीचं हँडिकॅप (चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवून शर्यत बरोबरीची करणं) समजून घेतोय. रेटिंगचा (हँडिकॅपर, म्हणजे वजनं ठरवणारा अधिकारी, घोड्याच्या कुवतीला देतो त्या आकड्याचा) एक गुण म्हणजे एक पौंड, इथपर्यंत पक्कं आहे. पुढे एका हिशोबात अडकलोय.

समजा, एक मैलाची हँडिकॅप शर्यत आहे. 'अ'चं रेटिंग ८०, वजन १३३ पौंड. 'ब'चं रेटिंग ६८, म्हणजे १२ पौंड कमी, १२१. पण 'ब'वर शिकाऊ जॉकी आहे आणि त्याला ५ पौंडांची सवलत, म्हणून प्रत्यक्षात पाठीवर ११६च. 'ब' दोन लेंग्थने (घोड्याच्या दोन लांबींनी) जिंकतो. मैलाला एक लेंग्थ म्हणजे साधारण दोन पौंड धरले, तर फरक चार पौंडांचा. (पाच फर्लांगला, म्हणजे मैलाच्या पाच अष्टमांशाला, हाच आकडा तीनच्या आसपास जातो, हे माहीत आहे.)

'अ' आपल्या ८०ला धावला असं मानून मी दोन्ही बाजूंनी मांडून पाहिलं. सवलत सोडून दिली तर 'ब' ७२वर येतो (८० − १२ + ४). पाठीवरचं खरं वजन धरलं तर ६७ (८० − १७ + ४). म्हणजे जिंकूनही रेटिंग एका गुणाने खाली! हे काही पटत नाही. सवलत जॉकीच्या अननुभवाची भरपाई आहे, घोड्याची नाही, म्हणून ती सोडून द्यावी असं मला वाटतं. पण मग तो शिकाऊ पोरगा खरंच तयारीचा असेल तर?

दोन्ही घोडे पाच वर्षांचे, त्यामुळे वयाची सवलत नाही. घोडी नाही, पेनल्टी (आधीच्या विजयाबद्दल वाढवलेलं वजन) नाही. पैजेसाठी विचारत नाहीये, फक्त गणित हवंय.

तर हँडिकॅपर यातला कुठला आकडा धरतो, ७२ की ६७? की जॉकी बघून मधला काहीतरी?