विषय: मेच्या सुट्टीत लंडन, मुलं १४, ८ आणि अडीच वर्षांची

नमस्कार मंडळी,

मेच्या सुट्टीत आम्ही पाच जण चार रात्रींसाठी लंडनला चाललोय, रॉटरडॅमहून युरोस्टार रेल्वेने. तीन रविवार घालवून मी तक्ता केला. त्यात अकरा ठिकाणं बसवली. काल मोठीने तो वाचला आणि म्हणाली, "आई, तुम्ही जा. मी हॉटेलवरच थांबते." मधल्याला फक्त डायनोसॉर बघायचेत. धाकटी दुपारी साडेबाराला जिथे असेल तिथे झोपते, आणि नाही झोपली तर संध्याकाळ आमची नसते. तिघांना घेऊन तुम्ही कसे फिरलात? ज्यांनी केलंय त्यांनी खरं खरं सांगा.

तिघांची आई, आइंडहोवन

~~~

पुन्हा: मेच्या सुट्टीत लंडन

अगं, अकरातली आठ खोड आधी.

आम्ही नऊ वर्षं लंडनमध्ये काढली. भारतातून जो जो आला, त्याला मुलाबाळांसकट मीच फिरवलंय. त्यातून एवढं कळलं की सकाळी एकच ठिकाण करायचं, सगळ्यांनी मिळून. जेवण झालं की दोन तुकड्या करायच्या: एक जण धाकटीबरोबर, दुसरा मोठ्या दोघांबरोबर. सगळ्यांनी दिवसभर सगळं एकत्रच बघायचं हा हट्ट आपला असतो, पोरांचा नसतो.

पहिली सकाळ साउथ केन्सिंग्टनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमला दे. प्रवेश फुकट आहे, पण वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेव. मुख्य दालनात शिरलीस की वर निळ्या देवमाशाचा सांगाडा दिसेल, २५ मीटर लांब, जबडा उघडून खाली सूर मारतोय असा. १८९१ साली आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलेला मासा तो. माझ्या पुतणीची मुलगी तेव्हा तुझ्या धाकटीएवढीच होती. बाबागाडीत मागे रेलून तिने तो पाहिला, बराच वेळ हूं नाही की चूं नाही, आणि मग बोट दाखवून विचारलं, "दात कुठेत?" खरंच, त्याला दात नसतात. तिचा तेरा वर्षांचा दादा सकाळपासून तोंड पाडून चालत होता. तो शेजारी उकिडवा बसला आणि तोंडातल्या झालरीने पाणी गाळून हा मासा कसा खातो, ते हाताची बोटं पसरून तिला दाखवायला लागला. त्या दिवशी आम्ही डायनोसॉर सोडून बाकी काही बघितलं नाही, आणि कुणी मागितलंही नाही.

धाकटीची झोप बसमध्ये होऊ दे. डबलडेकरच्या खालच्या मजल्यावर बाबागाडी न मिटता उभी करता येते. व्हीलचेअरवरचं कुणी आलं तर मात्र जागा द्यावी लागते, म्हणून चटकन मिटणारी गाडी हवी. ट्यूबच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, नकाशात ज्या स्टेशनाला व्हीलचेअरची खूण नाही, तिथे जिने आहेत असंच धरून चाल. एलिझाबेथ लाइनच्या सगळ्या स्टेशनांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत एकही जिना चढावा लागत नाही.

मधल्याला एक दुपार बँक स्टेशनवरून डीएलआर नावाच्या हलक्या रेल्वेने ग्रीनिचला पाठव. त्या गाडीला ड्रायव्हरची केबिनच नसते. पुढच्या काचेपाशी जागा मिळाली की गाडी आपणच हाकतोय असं वाटतं. जागा नाही मिळाली तर पुढची गाडी येऊ द्यायची, थोड्या मिनिटांत येतेच.

भाड्याचं: ११ वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर ट्यूब आणि बसमध्ये फुकट. मोठीसाठी ऑयस्टर कार्ड (तिथलं प्रवासाचं कार्ड) घे, आणि तिला बरोबर घेऊन स्टेशनवरच्या माणसाकडून त्यावर 'यंग व्हिजिटर' सवलत घालून घे. १४ दिवस निम्मं भाडं पडतं.

यूट्रेक्टची काकू

~~~

पुन्हा: मेच्या सुट्टीत लंडन

वहिनी, एक कागदोपत्री गोष्ट, कारण आमची यात ट्रिप बुडालीय. तुम्हा दोघांचे पासपोर्ट भारतीय असतील तर इथल्या डच रेसिडेन्स परमिटवर ब्रिटनमध्ये जाता येत नाही. व्हिजिटर व्हिसा लागतो, आणि बोटांचे ठसे द्यायला अपॉइंटमेंट घ्यावी लागते. मुलांचे पासपोर्ट डच असले तरी एप्रिल २०२५ पासून त्यांना ईटीए (प्रवासाआधी ऑनलाइन घ्यायचा परवाना) काढावा लागतो, प्रत्येकाचा वेगळा, अडीच वर्षांच्या बाळाचासुद्धा. आम्ही मुलांचं सगळं केलं आणि स्वतःच्या व्हिसाला उशीर केला. स्टेशनवर जायची वेळच आली नाही, पोरं दोन दिवस बोलली नाहीत. आजच अर्ज करा.

मेचा पहिला सोमवार तिकडे सुट्टीचा असतो. त्या दिवशी म्युझियम नको, बागेत जा.

डेल्फ्टहून

~~~

पुन्हा: मेच्या सुट्टीत लंडन

ताई, मला तुमच्या मोठीबद्दल लिहायचंय. चौदाव्या वर्षी मुलांना आपल्यामागे फिरायचं नसतं, पण आपल्याला कुणी काही विचारावं असं फार वाटतं. एक ठिकाण तिला निवडू द्या आणि त्या दिवशी तिथे पोचवायचं कामही तिच्यावर सोपवा.

माझ्या मुलाने बाबासाहेबांचं घर निवडलं होतं. शाळेत निबंध लिहायचा होता. १०, किंग हेन्रीज रोड, चॉक फार्म स्टेशनपासून चालत जाता येतं. लंडनला शिकत असताना १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर इथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतलं. दारावर निळी पाटी आहे. इतर घरांसारखंच, ओळीतलं घर. आत जाऊन तो खोल्यांतून सावकाश फिरला आणि बाहेर पडताना मला विचारलं, "आई, त्यांना इथे थंडी वाजत असेल ना गं?" निबंधाची सुरुवात त्याने तिथूनच केली. उघडण्याच्या वेळा आधी बघून घ्या. आणि तो आत असताना आमची छोटी बाबांबरोबर जवळच्या प्रिमरोज हिलवर गवतात लोळत होती. वरून अख्खं लंडन दिसतं.

हेगहून

~~~

पुन्हा: मेच्या सुट्टीत लंडन

काकू, दादा, ताई, मनापासून आभार. व्हिसाचे अर्ज काल रात्रीच भरले.

तक्त्यात आता चार सकाळी आणि चार ठिकाणं. मोठीला नकाशा दिला, एक सकाळ तुझी म्हटलं. अजून उत्तर नाही, पण नकाशा तिच्या खोलीत आहे. मधल्याने "दात का नसतात" हे आधीच शोधून ठेवलंय.

एकच अडचण: आमची बाबागाडी जड आहे, मिटायला दोन माणसं लागतात. कुणाकडे हलकी, छत्रीसारखी मिटणारी आठवडाभरासाठी मिळेल का?

तिघांची आई

~~~

पुन्हा: मेच्या सुट्टीत लंडन

माझ्याकडे आहे, नातवाची. रविवारी ढोलाच्या सरावाला घेऊन येते. तिखटमिठाच्या पुऱ्या किती जणांच्या करू ते कळव.

काकू